माघ-फाल्गुनात आमच्या डोंगरवाडीची हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रथसप्तमी उलटली की आमच्या वाडीतल्या बागवाल्यांचे फोन वाजायला लागतात. मुंबईचे चाकरमानी विचारतात, शिमग्याला स्वेटर घ्यायचा की नुसती टोपी. नव्याने बाग घेतलेले विचारतात, ढग आलेत, फवारू का. देवरुखच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत जिथे अंगावर येते, त्या पट्ट्यात आमची वाडी आहे. समुद्र सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, घाटमाथा मात्र मान वर केली की दिसतो. या दोघांच्या मध्ये राहिल्याने या दिवसांत इथली हवा दिवसातून तीनदा पालटते. प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. बागेचा भाग लांबला आहे, कारण आमचं वर्ष त्यावरच उभं आहे.

तुमच्याकडे सध्या ऋतू कुठला, थंडी की उन्हाळा?

दोन्ही, आणि तेही एकाच दिवसात. पहाटे गोठ्यात जाताना कानटोपी लागते. नऊ वाजता ती काढून खुंटीला अडकवतो. दुपारी एकला सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरच्या सपाट माळावरच्या, कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि रात्री जेवून अंगणात बसलं की पुन्हा खांद्यावर टॉवेल घ्यावासा वाटतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापासून मार्चअखेरपर्यंत हे असंच चालतं.

पंचांगाप्रमाणे माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, वसंत चैत्रापासून. हवामान विभाग जानेवारी-फेब्रुवारीला हिवाळा धरतो आणि मार्च ते मे हा मोसमी पावसाच्या आधीचा काळ. झाडं मात्र दोघांच्याही पुढे धावतात. माघातच काटेसावरीचं पान झडून लाल फुलं लागतात, बांधावरचा पांगारा पेटतो, तांबटाची ठोकठोक दिवसभर सुरू असते. मला विचाराल तर काटेसावर फुलली की आमचा वसंत लागला.

एवढी उलथापालथ होते तरी कशामुळे?

दोन वाऱ्यांच्या ओढाताणीमुळे. हे एकदा समजलं की खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोकणची पट्टी अरुंद, समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, जमीन दोन्ही कामं झटपट करते. रात्री जमीन निवली की हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते, ते मतलई वारे. दिवसा जमीन तापली की समुद्रावरची गार, दमट हवा आत शिरते, ते खारे वारे. शाळेच्या भूगोलात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं.

पण पुस्तकातल्या त्या चित्रात डोंगर नसतो. या दिवसांत देशावरून, म्हणजे घाटापलीकडच्या पठारावरून, पूर्वेचा कोरडा वारा कडा उतरून खाली येतो. खाली उतरणारी हवा दाबली जाते, आणि दाबली गेली की तापते, दर हजार मीटरला साधारण दहा अंश. म्हणजे सातशे मीटरचा कडा उतरलेली हवा माथ्यावर होती त्यापेक्षा सातेक अंशांनी गरम होऊन आमच्या अंगणात पोचते. हा वारा नेटाने वाहत असला की समुद्राची हवा खालीच अडून राहते. किनाऱ्यावर खारे वारे दुपारच्या आधी सुरू झाले तरी आमच्याकडे यायला दोन-तीन वाजतात. काही दिवस ते येतच नाहीत. ते आले तर तासाभरात घाम येतो पण ऊन सोसवतं. आले नाहीत तर ओठ फुटतात आणि चार वाजेपर्यंत घराबाहेर पडवत नाही.

रात्रीचं गणित वेगळं. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की दिवसाची ऊब धरून ठेवायला वर काही नसतं, ती निघून जाते आणि पहाट कडाक्याची होते. ढग आले की उलट. रात्रभर उकडतं आणि पहाटे पांघरूण लाथाडलेलं असतं.

मग आज वारा कुठला आहे हे ओळखायचं कसं?

चुलीच्या किंवा पाणी तापवायच्या बंबाच्या धुराकडे बघा. सकाळी आठनंतरही धूर जोराने पश्चिमेला झोपत असेल तर आज वरचा, म्हणजे घाटावरून उतरणारा वारा, दुपार कठीण जाणार. धूर सरळ वर जाऊन घुटमळत असेल तर दुपारनंतर खालचा, म्हणजे समुद्राकडचा वारा यायला वाट मोकळी आहे.

दुसरी खूण दोरीवरच्या कपड्यांची. वरच्या वाऱ्यात गोधडीसुद्धा दोन तासांत कडकडीत वाळते. खालच्या वाऱ्यात पातळ लुगडंही संध्याकाळपर्यंत सादळलेलं राहतं. आमच्या आजीला दरवाज्याच्या लाकडावरून कळायचं. दार सहज लागलं तर वरचा वारा, चौकटीत अडलं तर खालचा. लाकूड दमट हवेत फुगतं, त्यामुळे ही खूण अजूनही चुकत नाही.

नदीकाठच्या वाडीत थंडी जास्त आणि वरच्या वाडीत कमी, असं उलटं कसं?

उंचावर गेलं की गार हवं, हे दिवसा खरं. शांत, निरभ्र रात्री मात्र थंड हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने वाहत जाते आणि खोलगट जागी साठते. म्हणून नदीकाठी पहाटे हातपाय बधिर होतात, आणि शंभर-दीडशे मीटर वर सड्याच्या कडेला तेवढं जाणवत नाही. रात्री चालत घरी येताना वहाळ (ओढा) ओलांडावा लागतो तिथे थंडीचा झोत नडगीला लागतो तो यामुळेच. बाग लावताना खोलगट जागा टाळावी असं जुने लोक सांगत, त्याचं एक कारण हेच. तिथे दव जास्त, धुकं जास्त आणि पर्यायाने मोहोरावर रोगही जास्त.

धुकं कधी पडतं? आंबा घाटातून पहाटे यावं का?

आदल्या दिवशी खालचा वारा रात्री उशिरापर्यंत टिकला आणि मग आकाश निरभ्र राहिलं तर पहाटे धुकं ठरलेलं. दरीत ते साडेआठ-नऊपर्यंत राहतं. घाटात कधी खाली दाट आणि वर लख्ख ऊन, तर कधी नेमकं उलट.

कोल्हापूरहून येणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच, की घाईचं काम नसेल तर साखरप्याच्या बाजूला उतरताना आठनंतरची वेळ धरा. पहाटे निघावंच लागलं तर गाडीचा दिवा खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावर आदळून परत डोळ्यांत येतो आणि रस्ता आणखी दिसेनासा होतो. वळणावर हॉर्न वाजवा, काच थोडी उघडी ठेवा म्हणजे समोरच्या ट्रकचा आवाज आधी येतो. धुक्यात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करतो, तसं करू नका.

फेब्रुवारीत उष्णतेची लाट येते हे खरं का?

खरं आहे. हवामान विभागाच्या निकषांनुसार किनारपट्टीच्या केंद्रावर कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वर गेलं की उष्णतेची लाट धरतात. मैदानी भागात हाच आकडा ४० आणि डोंगराळ भागात ३० अंश आहे. किनाऱ्यासाठी आकडा कमी ठेवला, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मुंबईसह कोकणाला असा इशारा मिळाला होता. रायगडमध्ये ताम्हिणीच्या पायथ्याचं भिरा तर यासाठी प्रसिद्धच आहे. मार्च २०१७ मध्ये तिथे पारा ४६ अंशांच्या वर गेल्याची नोंद झाली. डोंगराच्या पायथ्याशी आणि समुद्रापासून दूर असलेल्या गावांचा त्रास भिऱ्यावरून कळतो.

काळजी बागेत काम करणाऱ्यांची करावी लागते. सकाळी थंडी असते म्हणून माणसं पाणी न पिता कामाला लागतात, आणि बारा वाजता ऊन चढलं की एकदम गळून जातात. आमच्याकडे आता सहाला काम सुरू आणि अकराला बंद, मग चारनंतर. कळशीभर पाणी आणि ताक किंवा नाचणीची आंबील झाडाखाली असलीच पाहिजे. कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. थोडं बसेल, बरं वाटेल म्हणून थांबू नका.

अवकाळी पाऊस मध्येच कुठून येतो?

उत्तरेकडे हिमालयात बर्फ पाडणारे पश्चिमी प्रक्षोभ या दिवसांत एकामागून एक सरकत असतात. त्यातला एखादा जोरकस असला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट हवा महाराष्ट्रावर आली, तर ढग जमतात. बहुतेक वेळा आमच्या वाट्याला नुसतं मळभ येतं. दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, पाऊसही पडत नाही. बागेला खरा मार या मळभाचाच बसतो. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र तापलेल्या डोंगरावर दुपारी ढग चढतात आणि घाटमाथ्याकडून गडगडाट करत खाली येतात. असा पाऊस वीस मिनिटांत संपतो. वरच्या वाडीत अंगण धुऊन निघतं आणि खालच्या वाडीत धूळ उडत असते.

मोहोराला थंडी चांगली ना? मग थंडी लांबली तर तक्रार का?

मोहोर फुटायला थंडी हवी हे बरोबर. पावसाळा संपल्यावर जमिनीला ताण बसावा आणि मग रात्री गार पडाव्यात, की हापूसला मोहोर येतो. पण थंडी माघ उलटला तरी रेंगाळली तर दोन गोष्टी बिघडतात.

पहिली, मोहोरात नर फुलं जास्त आणि फळ धरणारी संयुक्त फुलं कमी येतात. झाड पांढरंफेक दिसतं, बघणारा म्हणतो यंदा आंबा उदंड, आणि महिन्याने देठ नुसते काळे होऊन उभे असतात. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची, ती म्हणजे पुनर्मोहोर. पहिल्या मोहोराला कणी, म्हणजे मण्याएवढी फळं, धरलेली असते, थंडीचा नवा झटका बसतो, आणि त्याच फांदीवर पुन्हा मोहोर फुटतो. झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि धरलेली कणी गळून पडते. सकाळी झाडाखाली हिरव्या मण्यांचा सडा दिसला की पोटात कालवतं. यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे जिबरेलिक ॲसिड ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. पहिली फवारणी मोहोर पूर्ण उमललेला असताना आणि दुसरी फळ वाटाण्याएवढं झाल्यावर. ज्या झाडांवर पुरेसा मोहोर आहे त्यांच्यासाठीच हे आहे, सरसकट बागेवर मारू नका.

मळभ आलं की तुडतुडे आणि भुरी. तुडतुडे मोहोरातला रस शोषतात, त्यांच्या अंगातून पडणारा चिकटा पानांवर साचतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. भुरीने मोहोर पिठात घोळल्यासारखा होतो. पाऊस पडला किंवा दव दाट पडू लागलं की करपा हा रोग. ऊन कडक झालं की फुलकिडी, आणि फळाची साल खरखरीत, तपकिरी होते. म्हणजे हवेच्या प्रत्येक पालटाला एक वेगळा पाहुणा ठरलेला आहे. म्हणून आम्ही रोज सकाळी मोहोर हातात धरून झटकून बघतो. किती किडे उडाले, किती हाताला लागले, ते बघितल्याशिवाय पंप काढत नाही.

उलट टोकाला, थंडी एकदम गेली आणि पारा चार दिवसांत वर चढला तर वाटाणा-सुपारीएवढी फळं गळतात. जिथे पाणी आहे तिथे फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून झाडाला १५०-२०० लिटर पाणी, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावं आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं. आच्छादनाचा फायदा पुढेही होतो. तापलेल्या कातळाची धग फळाला लागली की आत साका होतो, म्हणजे गर पांढरट आणि बेचव राहतो, तो त्याने कमी राहतो. आमच्यासारख्या वरच्या वाड्यांत एवढं पाणी कुठून आणायचं हा प्रश्न आहेच. मी निवडक पन्नास झाडांनाच पाणी देतो आणि बाकीच्यांना आच्छादन.

ढग दिसले की लगेच फवारणी करावी का?

नाही. ढग हे फवारणीचं कारण नव्हे, कीड दिसणं हे कारण. शिवाय पाऊस येणारच असेल तर औषध धुऊन जातं. मी एका वर्षी भीतीपोटी संध्याकाळी साठ झाडं फवारली आणि रात्री पडवीच्या पत्र्यावर थेंब वाजायला लागले. औषध, पेट्रोल आणि दोन गड्यांची मजुरी वाहून गेली, आणि दोन दिवसांनी पुन्हा सगळं करावं लागलं. तेव्हापासून पुढच्या दोन दिवसांचा अंदाज बघितल्याशिवाय टाकी भरत नाही.

मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक शक्यतो टाळा. आंब्याचं परागीभवन माश्या-मधमाश्या करतात, त्याच मेल्या तर फळ धरणार कुठून? फार गरज असेल तर संध्याकाळी उशिरा, माश्या परतल्यावर फवारा. आणि गंधक कडक उन्हाच्या दिवसांत मारू नका, कोवळा मोहोर करपतो. वारा वरचा असेल तर फवारा झाडावर राहण्याऐवजी शेजाऱ्याच्या विहिरीवर जातो, हेही लक्षात असू द्या.

काजू, कोकम, कुळीथ यांचं काय?

काजूला मळभात ढेकण्याचा त्रास. कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस तो शोषतो आणि शेंडा जळाल्यासारखा दिसतो. तयार बी खाली पडलेली असताना पाऊस झाला तर ती काळवंडते आणि व्यापारी भाव पाडतो, म्हणून या दिवसांत बी रोजच्या रोज वेचावी. ओले काजूगर काढणाऱ्या बायकांना कोरड्या हवेत डिंकाचा त्रास जास्त होतो. हाताला खोबरेल लावल्याशिवाय बसू नये.

कुळीथ खळ्यावर असतानाच पाऊस गाठतो. ताडपत्री खळ्याच्या कडेलाच ठेवा, घरात नको. कोकमाचा प्रश्न पुढे एप्रिल-मेमध्ये येतो.

गडगडाट सुरू झाला तर काय करायचं?

वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज धोक्याच्या अंतरात आहे. सड्यावर असाल तर ताबडतोब खाली या. सड्यावर एकटं उभं असलेलं झाड आणि त्याखाली तुम्ही, ही सगळ्यात वाईट जागा. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. आंबा काढायच्या लोखंडी नळीचा घळ हातात असेल तर तो आधी टाका. गुरं झाडाला बांधलेली असतील तर ढग दाटू लागतानाच सोडून गोठ्यात आणा, गडगडाट सुरू झाल्यावर त्यांच्यामागे धावू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं. वाडीतल्या दोन तरुणांच्या फोनवर ते आहे आणि तेवढ्यावर सगळ्या वाडीला निरोप जातो.

शिमग्याला येताना कपडे काय आणू?

ते शिमगा कधी आहे यावर. होळी २०२३ साली ६ मार्चला आली, २०२४ साली २४ मार्चला आणि २०२५ साली १३ मार्चला. अठरा दिवसांचा हा फरक आमच्या हवेत फार मोठा आहे. लवकरच्या शिमग्यात पालखी सहाणेवर (तिच्या मुक्कामाच्या चौथऱ्यावर) बसल्यावर रात्री शाल लागते आणि होमाजवळ जागा धरायला भांडणं होतात. उशिराच्या शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांचे सदरे रात्री अकरालाही भिजलेले असतात.

दोन्ही वेळी सुती कपडे, डोक्याला टोपी किंवा पंचा, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी एक पातळ शाल आणा. जाड स्वेटर नको. वाड्यांवाड्यांतून पालखीबरोबर दुपारी फिरणार असाल तर पायात चप्पल असू द्या. देवाच्या कामाला अनवाणी यायचं असेल तर पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) सावलीच्या कडेने चाला, दगड चांगलाच तापतो. आणि होळीसाठी उभं झाड शेंड्यासकट तोडून आणायची जिथे रीत आहे तिथे गावकऱ्यांनी आधीच बसून कुठलं झाड ते ठरवावं, एवढं मनापासून सुचवतो.

घरातल्या लहान मुलांना इथे आलं की लगेच सर्दी-खोकला होतो. पाणी बाधतं का?

पाण्यापेक्षा पहाट-दुपारचा फरक बाधतो. मुलं दुपारी घामाघूम होऊन तशीच वहाळावर जातात आणि संध्याकाळी ओल्या कपड्यांत अंगणात खेळतात. घाम पुसून कपडे बदला, रात्री पंखा लावून झोपवलं तर पहाटे तीनला उठून तो बंद करा. मोहोराच्या दिवसांत काहींना शिंका आणि डोळ्यांना खाज येते, तीही लक्षात घ्या. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, गावठी काढ्यावर वेळ घालवू नका.

पूर्वी असं नव्हतं, ही म्हाताऱ्यांची नुसती आठवण की खरंच बदल झालाय?

हवा पालटणं पूर्वीही होतं. माझ्या लहानपणीही मोहोर गळायचा आणि माणसं आभाळाकडे बघत बसायची. पण उष्णता लवकर येते आहे हे नोंदींवरूनही दिसतं. देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत मार्च २०२२ चं सरासरी कमाल तापमान त्या वेळेपर्यंतच्या सगळ्या मार्च महिन्यांत वरचढ ठरलं, फेब्रुवारी २०२३ बाबतही तसंच झालं, आणि फेब्रुवारी २०२५ सरासरी तापमानात तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. हे आकडे देशभराचे आहेत, आमच्या वाडीचे नव्हेत. तरी थंडीचे सलग दिवस कमी झाले आणि मोहोर एका दमात येण्याऐवजी तीन टप्प्यांत येऊ लागला, हे इथला प्रत्येक बागवाला सांगेल. एकाच झाडावर अंड्याएवढी कैरी, कणी आणि नवा मोहोर असला की कुठल्या अवस्थेसाठी फवारायचं हेच कळत नाही.

वणव्याची एवढी भीती का घालता?

कारण ती खरी आहे. फेब्रुवारीपासून सड्यावरचं गवत काडीसारखं वाळलेलं असतं. त्यात वरचा वारा म्हणजे कोरडी हवा आणि वेग दोन्ही. काही वर्षांपूर्वी एका दुपारी पलीकडच्या डोंगरावर कोणीतरी पेटवलेलं गवत तासाभरात आमच्या बांधावर पोचलं. माझी बारा वर्षं जपलेली काजूची चाळीस कलमं गेली, शेजाऱ्यांची गवताची उडवी आणि गोठ्याचं छप्परही. माणसं वाचली ती वाडीतल्या बायकांनी हंड्यांची रांग लावली म्हणून. त्या राखेत फिरताना घरटी आणि पोळी जळलेली दिसली, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

डिसेंबर-जानेवारीतच बागेभोवती गवत काढून जाळपट्टा मोकळा करा. भाजावळ (पालापाचोळा टाकून जमीन भाजणं) करायचीच असेल तर वारा पडलेला बघून, सकाळी लवकर, चार माणसं, ओल्या फांद्या आणि पाणी हाताशी ठेवून करा, आणि राख पूर्ण निवेपर्यंत जागा सोडू नका. वरचा वारा असेल त्या दिवशी काडी ओढूच नका. सड्यावर फिरायला येणाऱ्यांनी विडी-सिगारेट आणि चुली टाळाव्यात. जंगलात आग दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

जुन्या खुणांवर विश्वास ठेवावा का?

काहींवर. चंद्राला खळं पडलं तर उंचावर पातळ ढग आलेले असतात, त्यामुळे दोन दिवसांत मळभ येण्याची शक्यता खरीच वाढते. लांबचे डोंगर एकाएकी जवळ आणि स्वच्छ दिसू लागले तर हवेतली धूळ गेली, वारा बदलला. मुंग्यांच्या रांगेवर मात्र मी बाग सोपवत नाही. त्या पाऊस नसतानाही फिरतात.

मोबाइलवर दाखवतात तो अंदाज आमच्या वाडीला का लागू पडत नाही?

कारण तो बहुतेक वेळा रत्नागिरीचा किंवा देवरुखचा असतो, आणि आपण डोंगराच्या सावलीत. रत्नागिरीला ३३ दाखवत असतील आणि तिथे खारे वारे सुरू असतील तर आमच्याकडे दुपारी त्याहून दोन-चार अंश जास्त धरा. पहाटे उलट, तेवढेच कमी. मुंबईच्या कुलाब्याच्या प्रादेशिक केंद्राकडून येणारा जिल्ह्याचा इशारा बघा. पिवळा असेल तर सावध, नारिंगी असेल तर तयारी, लाल असेल तर कामं बंद. शेतीसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत वाचता येतो. दोन दिवसांपुढच्या अंदाजावर मजूर सांगू नका.

फळपीक विम्याचा यात उपयोग होतो का?

होतो, पण मोजमाप महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर होतं. आमच्या वाडीत पाऊस पडला आणि केंद्र कोरडं राहिलं तर हाती काही येत नाही. हे दोनदा भोगलं आहे. तरीही विमा उतरवतो. तारखा शासन दर हंगामात जाहीर करतं, त्या कृषी सहायकाकडून आधीच विचारून घ्या.

विहिरीचं पाणी कधी आटतं? पाहुणे आले तर पुरेल का?

होळीपर्यंत सहसा पुरतं. वहाळावर डिसेंबरात वाळूच्या गोण्यांचा वनराई बंधारा घातला असेल तर आणखी तीन-चार आठवडे. सलग आठवडाभर वरचा वारा वाहिला की पाण्याची पातळी डोळ्यांदेखत खाली जाते. दहा माणसं येणार असाल तर आधी कळवा, एवढंच.

तुमच्याकडचा आंबा कधी मिळेल?

देवगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा आधी. आमचा त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, म्हणजे बहुधा एप्रिलच्या अखेरीपासून मेभर. मोहोरापासून फळ चौदा आणे तयार व्हायला साडेतीन-चार महिने लागतात, आणि आमच्या पहाटा गार असल्याने ते आणखी थोडं रेंगाळतं. पेटीचं नक्की करायला आत्ता फोन करू नका. होळी होऊ द्या, त्यानंतरचे आठ दिवस जाऊ द्या. झाडावर सुपारीएवढं काय टिकलंय ते मोजतो आणि मग मीच फोन करतो.